आईच्या मेंदूतल्या फुग्यावर कवटी न उघडता, जांघेतून तार घालून उपचार करणार आहेत. हे साधं ऑपरेशन असतं का?

तुमच्या प्रश्नातला ‘साधं’ हा शब्द वाचला आणि भाजी चिरायची ठेवून लिहायला बसले. खाली तुम्ही लिहिलंय की आई ५७ वर्षांच्या आहेत, फुगा (म्हणजे धमनीच्या भिंतीला आलेला फुगवटा) ९ मिलिमीटरचा, मान (धमनीला जोडलेलं तोंड) रुंद, फुटलेला नाही, डॉक्टर फ्लो डायव्हर्टर (धमनीत बसवायची जाळीची नळी) बसवू म्हणतात, आणि मामा म्हणतात, “बिनटाक्याचं आहे, तिसऱ्या दिवशी घरी, एवढं काय घाबरायचं?” तुमच्या मामांना मी ओळखत नाही. पण आमच्याकडेही एक असेच आहेत. माझे मोठे दीर, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो.

मी डॉक्टर नाही, बँकेत काउंटरला बसते. डोंबिवली ते फोर्ट रोज ये-जा. या विषयातलं जे काही कळतं ते सासूबाईंच्या फायलीतून आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर वाचून कळलंय.

२०१९ च्या मार्चमध्ये सासूबाईंना चक्कर यायला लागली. कानाच्या डॉक्टरांनी खबरदारी म्हणून एमआरआय करायला सांगितला आणि चक्कर राहिली बाजूला, निघाला भलताच प्रकार. डाव्या बाजूची मेंदूकडे जाणारी मुख्य धमनी, तिला डोळ्याकडे जाणारी फांदी फुटते त्याच्या जवळ ११ मिलिमीटरचा फुगा. मान रुंद. चक्करेचा त्याच्याशी काही संबंधही नव्हता, ती कानाचीच होती आणि गोळ्यांनी गेली.

पहिले भेटले ते न्यूरोसर्जन. त्यांनी सरळ सांगितलं की उघडून फुग्याच्या मानेला क्लिप, म्हणजे बारीक चिमटा, लावता येईल, पण या जागी पोचायला कवटीच्या तळाचं थोडं हाड घासावं लागतं आणि डोळ्याची नस अगदी शेजारी आहे. म्हणाले, “मी करीन. पण आधी एकदा इंटरव्हेन्शनवाल्यांना, म्हणजे तार घालून करणाऱ्यांना, दाखवा.” सर्जन स्वतःहून असं म्हणाला, तेव्हापासून ‘सर्जन लोकांना कापायचीच हौस’ असं कोणी म्हटलं की मी भांडते. दादांनी मात्र केबिनच्या बाहेर आल्या आल्या जाहीर केलं, “आईचं डोकं उघडायचं नाही म्हणजे नाही.” निर्णय बरोबर निघाला. कारण मात्र चुकीचं होतं. त्यांना वाटलं, कापत नाहीत म्हणजे हा इलाज हलका. इथूनच सगळं सुरू झालं.

इंटरव्हेन्शनच्या डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. फुग्याची मान अरुंद असली की त्यात प्लॅटिनमची बारीक वेटोळी भरतात, ते कॉइलिंग. गुग्लिएल्मी नावाच्या इटालियन डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास अमेरिकेत ते सुरू केलं. मान रुंद असली की वेटोळी आत राहत नाहीत, मोठ्या धमनीत डोकावतात. मग बाहेरून बलूनचा नाहीतर स्टेंटचा टेकू द्यावा लागतो. आणि फ्लो डायव्हर्टर हा तिसराच विचार. यात फुग्याला हातच लावत नाहीत. मुख्य धमनीत, फुग्याच्या तोंडावरून, दाट विणीची नळी पसरतात. रक्त सरळ पुढे जायला लागतं, फुग्यातलं रक्त साचून गोठतं, आणि जाळीवर हळूहळू धमनीचं अस्तर चढतं. अमेरिकेत याला पहिली मान्यता २०११ मध्ये मिळाली, म्हणजे तसं हे ताजंच.

सासूबाई मूळच्या गुहागरकडच्या. चित्र बघून म्हणाल्या, “म्हणजे पाटाच्या कडेला फळी लावली की खाचरात पाणी शिरत नाही, तसंच ना?” डॉक्टर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “अगदी तसंच. फक्त खाचर सुकायला सहा महिने-वर्ष लागतं.”

हे शेवटचं वाक्य आमच्यापैकी किती जणांनी ऐकलं, हा खरा प्रश्न आहे. क्लिप लावली की फुगा टेबलावरच बंद होतो. फ्लो डायव्हर्टरचं तसं नाही. जाळी बसवून माणूस घरी येतो तेव्हा फुगा आहे तिथेच असतो, आणि वर मेंदूला रक्त नेणाऱ्या मुख्य नळीत उघडा धातू बसलेला असतो. उघड्या धातूवर रक्त गोठायला बघतं. ते गोठू नये म्हणून दोन-दोन गोळ्या. त्या महिन्यांतल्या गोळ्या हा ऑपरेशनचाच अर्धा भाग आहे. माझ्या मते तर मोठा अर्धा.

गोळ्यांतही मेख असते. सासूबाईंना आधी ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल दिली आणि प्रोसिजरच्या आधी रक्ताची एक तपासणी केली, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी किती दबल्यात ते बघायची. दबल्याच नव्हत्या! ही गोळी पोटात गेली की यकृताने तिला कामाची करून द्यावी लागते, आणि काही लोकांचं यकृत ते काम नीट करत नाही. आपल्या देशात अशी माणसं कमी नाहीत. मग टिकाग्रेलॉर सुरू केली, सकाळ-संध्याकाळ दोन वेळा. तिने त्यांना मधूनच दम लागल्यासारखं व्हायचं, तो तिचा माहीत असलेला त्रास आहे. ही तपासणी प्रत्येकाची करावीच का यावर डॉक्टरांचंही एकमत नाही, असं नंतर वाचलं. तुम्ही मात्र विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

१२ जूनला प्रोसिजर झाली. पूर्ण भूल देऊन, दीडेक तास. जांघेत एक भोक, त्यावर चिकटपट्टी. रात्रभर आयसीयू, पाय वाकवायचा नाही एवढीच त्यांची तक्रार. चौदाला आम्ही घरी. दादांनी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं, “आईचं बिनटाक्याचं ऑपरेशन यशस्वी, अँजिओग्राफीसारखंच असतं, सर्वांचे आभार.” खाली चाळीस हात जोडलेले. साडेदहा लाख बिल झालं, त्यातलं निम्म्याहून जास्त एकट्या जाळीचं, आणि मेडिक्लेम पाच लाखांचा. ते रडगाणं इथे लावत नाही. फक्त एवढं सांगते की ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना आपल्या राज्यात दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यात बसत असाल तर ॲडमिट व्हायच्या आधी समाजसेवा विभागात जाऊन बसा, नंतर नाही. सिद्धिविनायक न्यासाकडेही अर्ज करता येतो. आणि दुसरं मत हवं असेल तर परळला केईएम या महापालिकेच्या रुग्णालयातही विचारता येईल.

घरी आल्यावर मी दोन गोष्टी केल्या. कालनिर्णयच्या पानावर रोजच्या चौकोनात टिकटिक, सकाळची वर, दुपारची ॲस्पिरिन मधे, रात्रीची खाली. आणि सात खणांचा गोळ्यांचा डबा आणला, त्यावर सोम, मंगळ असं मार्करने लिहिलं. जून, जुलै, जवळजवळ सगळा ऑगस्ट, एकही चौकोन रिकामा नाही. जाऊबाई हसायच्या, “बँकवाली आहे, टॅली झाल्याशिवाय झोप नाही लागायची हिला.”

गणपतीला आमच्याकडे सगळे गावी जातात. त्या वर्षी चतुर्थी २ सप्टेंबरला, सोमवारी होती. सासू-सासरे दादांबरोबर आठवडाभर आधी गेले, मला रजा नव्हती. डबा भरून दिला, पुढच्या आठवड्याच्या गोळ्या वेगळ्या पाकिटात दिल्या, दादांना तोंडी सांगितलं, जाऊबाईंना लिहून दिलं.

गुरुवारी सासूबाईंची दाढ ठणकायला लागली. दादा त्यांना तालुक्याच्या गावी दाताच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? दादा म्हणाले, हो, आहे. डॉक्टर म्हणाले, मग चार-पाच दिवस बंद करा, गणपती झाल्यावर या, काढून टाकू. संपलं. मला फोन नाही, माझ्या नवऱ्याला नाही, मुंबईच्या डॉक्टरांना तर नाहीच. त्या वेळी फायलीला लावलेलं इम्प्लांट कार्डही (मेंदूत जाळी आहे हे सांगणारं) मुंबईतच कपाटात राहिलं होतं. शिवाय दादांना सासूबाईंच्या हातावरचे काळेनिळे डाग आधीपासूनच खुपत होते. “किती ते रक्त पातळ करायचं, पाणी करून ठेवलंय,” हे त्यांचं वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

मी रविवारी रात्री दहाला पोचले. पाऊस, गाडी चार तास लेट, अंगणात चिखल. सासूबाई नेहमीसारख्या बोलल्या, हरतालिकेचा उपवास होता म्हणून फक्त फळं खाल्ली होती. मी डब्याबद्दल विचारलं नाही.

सोमवारी अकराच्या सुमारास आम्ही चौघी मोदकांना बसलो होतो. सासूबाईंच्या मोदकाला एकवीस कळ्या पडतात, आमच्या वाडीत त्याचं नाव आहे. बोटं उकडीत बुडवल्यासारखी चालतात, बघत राहावं. त्यांनी पारी हातात घेतली, तीन-चार कळ्या काढल्या आणि पाचवी निघेना. अंगठा आणि बोट एकमेकांना भेटतच नव्हते. त्यांनी पारी खाली ठेवली, दुसरी घेतली. तेच. मी विचारलं, काय झालं? त्या सारणाच्या पातेल्याकडे बघून म्हणाल्या, “ते... ते दे ना, ते... पांढरं.” खोबरं हा शब्द त्यांना सापडत नव्हता. खोबरं! कोकणात जन्म काढलेल्या बाईला!

मी उठून फडताळातला डबा काढला. गुरुवारची रात्रीची गोळी, मग शुक्र, शनि, रवि, आणि सोमवारची सकाळ. सगळं जसंच्या तसं. टिकाग्रेलॉरच्या आठ, ॲस्पिरिनच्या तीन. अकरा गोळ्या. क्लोपिडोग्रेलचा असर बंद केल्यावरही काही दिवस रेंगाळतो, टिकाग्रेलॉरचा त्यापेक्षा लवकर उतरतो, म्हणून तर दिवसातून दोनदा घ्यायची. साडेतीन दिवसांत त्यांच्या अंगात त्या गोळीचं फारसं काही उरलं नसणार.

मुंबईच्या डॉक्टरांना फोन लागला हे नशीब. त्यांनी एकच गोष्ट दोनदा बजावली, आधी सीटी करून रक्तस्राव नाही याची खात्री, त्याशिवाय एकही गोळी तोंडात घालायची नाही. चिपळूणला सीटी झाला, रक्तस्राव नव्हता, मग तिथल्या डॉक्टरांनी आमच्या डॉक्टरांशी बोलून गोळ्यांचा मोठा डोस दिला. बोलणं वाटेतच, चाळीसेक मिनिटांत परत आलं होतं. उजवा हात ठीक व्हायला रात्र झाली. मग ॲम्ब्युलन्स आणि मुंबई-गोवा महामार्ग, त्याबद्दल लिहायला मला वेगळं उत्तर लागेल. मुंबईत एमआरआय झाला, त्यात डाव्या बाजूला बारीक पांढरे ठिपके होते. अँजिओग्राफीत जाळी उघडी होती, तिच्यावर जमलेली गुठळी थोडी सुटून पुढे गेली असावी, असं सांगितलं.

दादांचं म्हणणं आजही असं आहे की तो उपवासाचा अशक्तपणा होता. सहा वर्षं झाली. परवाच्या मुंजीतही त्यांनी कोणाला तरी सांगितलं, “आईला गणपतीत जरा चक्कर आली होती, उपवास झेपला नाही.” दादा, तुम्ही हे वाचणार नाही, पण लिहून ठेवते. उपवासाने फक्त उजवा हात पडत नाही. उपवासाने डाव्या मेंदूत ठिपके येत नाहीत. आणि ज्या इलाजाला तुम्ही ‘काहीच कापाकापी नाही’ म्हणून पसंती दिलीत, त्याची किंमत कापाकापीऐवजी गोळ्यांत मोजायची होती. कवटी उघडून क्लिप लावली असती तर डोक्याला पन्नास टाके दिसले असते, आणि मग तुम्ही आईला सहा महिने पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नसता. टाके दिसले नाहीत म्हणून आजारच दिसला नाही.

आता तुमचा प्रश्न, तो राहूनच जातोय. सुरक्षित आहे का? माझ्या वाचनात आलेला आकडा देते. अवघड जागच्या, मोठ्या फुग्यांवर केलेली एक पाहणी २०१३ मध्ये छापून आली. १०७ रुग्णांपैकी ६ जणांना सहा महिन्यांच्या आत त्याच बाजूचा मोठा झटका आला किंवा मेंदूच्या कारणाने मृत्यू झाला. आणि सहा महिन्यांनी फुगा पूर्ण बंद झालेले साधारण चारातले तीन. पुढे ते प्रमाण वाढत गेलं. ते फुगे तुमच्या आईच्या फुग्यापेक्षा बहुतेक मोठे होते आणि जाळ्याही पहिल्या पिढीच्या होत्या, म्हणून हा आकडा जसाच्या तसा त्यांना लावू नका. पण ‘साधं’ म्हणणाऱ्यांना तो जरूर ऐकवा. २००२ मधली दोन हजारांवर रुग्णांची पाहणी कोणीतरी तुमच्या तोंडावर मारेल, कॉइल क्लिपपेक्षा बरी निघाली म्हणून. ती फुटलेल्या फुग्यांची होती आणि तेव्हा फ्लो डायव्हर्टर नव्हताच. तिचा इथे उपयोग नाही.

उघडं ऑपरेशन म्हणजे मागासलेपणा असंही समजू नका. धमनीला जिथे दोन फाटे फुटतात, विशेषतः मेंदूच्या बाजूच्या धमनीवर, तिथे आजही अनेक ठिकाणी क्लिपच पसंत करतात. फुगा फुटलेला असेल तर गणित आणखी बदलतं, कारण ताज्या रक्तस्रावात रक्त पातळ करायच्या गोळ्या देणं म्हणजे धोका. आईंचा फुटलेला नाही. तो नक्की कुठे आहे हे तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि खरं उत्तर तिथेच आहे. त्या धमनीचं नाव कागदावर लिहून घ्या आणि दोन वेगवेगळ्या मतांच्या लोकांना दाखवा, एक उघडणारा आणि एक तारवाला. आणि काहीच न करता दरवर्षी स्कॅन करून बघत राहणं हाही एक पर्याय असतो. ९ मिलिमीटरला तो कमी वेळा सुचवतात, पण विचारा. बीपी आणि तंबाखू-मिश्री यांचा बंदोबस्त तर काहीही ठरलं तरी करावाच लागतो.

थोडं माझ्याबद्दलही. दादांवर एवढं लिहिलं, पण रविवारी रात्री तो डबा माझ्यापासून चार हातांवर होता. रिकामा नाही हे तेव्हाच दिसलं असतं तर फोन बारा-तेरा तास आधी गेला असता. हे मी नवऱ्यालाही फारसं बोललेले नाही. आणि त्या दाताच्या डॉक्टरांना मी बरीच वर्षं शिव्या दिल्या, पण त्यांना दादांनी एवढंच सांगितलं होतं की “हार्टची असते ना, तशी गोळी आहे.” मेंदूत जाळी आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तरी त्यांनी विचारायला हवं होतं.

सासूबाई बऱ्या आहेत. डिसेंबरच्या अँजिओग्राफीत फुग्याचा थोडा भाग राहिला होता. वर्षाची तपासणी लॉकडाऊनमुळे पुढे गेली आणि २०२१ च्या जानेवारीत झाली, तेव्हा पूर्ण बंद. टिकाग्रेलॉर बंद झाली, ॲस्पिरिन अजून चालू आहे. बोलणं पहिल्यासारखं. मोदकाच्या कळ्या मात्र अकरा-बाराच्या पुढे जात नाहीत, पुढच्या जाऊबाई काढतात आणि मोदक सासूबाईंच्या नावावर जातो.

आणि एक काम याच आठवड्यात करा. ॲडमिट व्हायच्या आधी, दोन्ही गोळ्या सुरू व्हायच्याही आधी, आईंना दाताच्या डॉक्टरांकडे नेऊन सगळं तोंड तपासून घ्या. काढायचा दात असेल तर आत्ताच काढा. मोतीबिंदू, मूळव्याध, जे काही ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलंय ते डॉक्टरांच्या कानावर घाला. नंतर दाढ ठणकलीच, तर गोळी बंद करायची की नाही हे फक्त जाळी बसवणारा डॉक्टर ठरवेल. त्याचा नंबर डब्याच्या झाकणावर आतून चिकटवा. मी आता तसाच चिकटवलाय.